दिवाणात नोंदलेली मोटरसायकल

मोटरसायकलवरून देशोदेशी फिरून आलेल्यांचे लेखन वाचताना एक प्रश्न मला हटकून पडतो. माणूस सीमेपलीकडे गेला हे समजते; त्याच्यापाशी पासपोर्ट होता, व्हिसा होता. पण मोटरसायकल कशी गेली? ती तर वस्तू आहे. तिला किंमत आहे, तिच्यावर कर आहे, परमुलखात ती विकून टाकता येते. घाटमाथ्यावरचे धुके, धाब्यावरचा चहा, अनोळखी माणसांचा जिव्हाळा यांना पानेच्या पाने देणारा लेखक या प्रश्नापाशी आला की 'कागदपत्रांचे सोपस्कार आटोपून आम्ही पुढे निघालो' असे एक वाक्य टाकतो आणि खरोखरच पुढे निघतो. प्रस्तुत लेखाचा विषय हे आटोपलेले सोपस्कार आहेत. ते आटोपून टाकण्याची आपल्या प्रवासवर्णनाला लागलेली सवय ही केवळ शैलीची बाब नाही, असे माझे म्हणणे आहे. या सवयीमुळे अशा लेखनातला 'मुक्त' हा शब्द खोटा पडतो.

ज्या कागदाविषयी मी बोलतो आहे त्याचे पूर्ण नाव 'कार्ने द पासाज आँ दुआन'. नाव फ्रेंच, उच्चाराला अवघड. त्यामुळे आपल्याकडचे प्रवासी आणि एजंट सरळ 'कार्नेट' म्हणतात. फ्रेंचमधला न उच्चारलेला 'ट' मुंबईत येऊन ठणठणीत उच्चारला जातो, आणि मीही तोच उच्चार पसंत करतो. कार्नेट म्हणजे वही. पाच, दहा किंवा पंचवीस पानांची, एक वर्षाच्या मुदतीची. पश्चिम भारतातल्या माणसाला ती मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून, म्हणजे १९१९ साली स्थापन झालेल्या मोटारधारकांच्या संस्थेकडून मिळते. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. मोटरसायकल एखाद्या देशात शिरली की तिथला सीमाशुल्क अधिकारी खालचा भाग फाडून घेतो. बाहेर पडली की मधला भाग फाडला जातो. वरचा भाग वहीतच राहतो, चेकबुकातल्या अधपानासारखा. आपल्या कचेऱ्यांच्या भाषेत त्याला स्थळप्रत म्हणता येईल. या स्थळप्रतीवर दोन शिक्के हवेत, एक आल्याचा आणि एक गेल्याचा. दोन्ही असले तर त्या देशापुरती कथा संपली. एकच असला तर मोटरसायकल कायद्याच्या दृष्टीने अजून तिथेच आहे, मग ती प्रत्यक्षात कोठेही असो.

हे सारे कशासाठी? तर परदेशी वाहन देशात आणले की त्यावर आयातशुल्क लागते, आणि पाहुणा म्हणून आलेले वाहन शुल्क न भरता तिथेच विकले गेले तर सरकारचा तोटा होतो. म्हणून वाहन परत जाईल याची कोणीतरी हमी घ्यावी लागते. ही हमी देशोदेशीच्या मोटार संघटनांची साखळी घेते. एका देशात गाडी राहून गेली, तर तिथले सीमाशुल्क खाते तिथल्या संघटनेकडे पैसे मागते, ती संघटना वही देणाऱ्या संघटनेकडे मागते, आणि ती शेवटी वहीच्या धन्याकडे. खाजगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीविषयीचा आंतरराष्ट्रीय करार न्यूयॉर्क येथे १९५४ साली झाला. त्यात ही सगळी व्यवस्था कलमांत बांधलेली आहे. तो करार मी वाचला आहे. साहित्याच्या अध्यापकाने वाचावा असा मजकूर तो नव्हे, असे कोणी म्हणेल. मला मात्र तो वाचताना सारखे वाटत होते, की एखाद्या कथानकाच्या शक्यतांचा इतका चौकस विचार आपल्या कथामीमांसेतही क्वचितच आढळतो. गाडी मोडली तर? अपघातात चक्काचूर झाली तर? मग ती परत नेण्याची सक्ती नाही. पण शुल्क भरा, नाहीतर ती फुकट सरकारजमा करा, नाहीतर अधिकाऱ्यांसमक्ष नष्ट करा. वाहन पुरावे अशी तरतूद तेवढी नाही.

आता शब्दाकडे वळू, कारण आपला मूळ धंदा तोच. या नावातला 'दुआन' म्हणजे फ्रेंचमध्ये जकातघर. हा शब्द इटालियन आणि अरबीच्या वाटेने फारसीतल्या 'दीवान'पर्यंत मागे जातो. म्हणजे आपल्या राज्यकारभारातला दिवाण, कोर्टातला दिवाणी दावा, घरातला दिवाणखाना, त्यात ठेवलेला बसायचा दिवाण आणि युरोपातले जकातघर ही एकाच कुळातली मंडळी आहेत. दीवान म्हणजे मुळात नोंदवही, नोंदवही जिथे ठेवतात ती कचेरी, तिथला अंमलदार. आणि त्याच अर्थविस्तारात कवीच्या रचनांचा संग्रह म्हणजेही दीवान. गालिबचा दीवान आपण हातात घेतो तेव्हा जकातनाक्याचा सख्खा भाऊ हातात असतो! (जाता जाता: दरपत्रकाला इंग्रजीत जो शब्द आहे, 'टॅरिफ', तो आणि आपली 'तारीफ' हेही एकाच अरबी शब्दाचे वंशज. एकीकडे कर झाला, दुसरीकडे स्तुती.) या व्युत्पत्तीवरून काही सिद्ध होते असा माझा दावा नाही. पण नोंद आणि काव्य यांची जी फारकत आपण गृहीत धरतो, ती शब्दांना ठाऊक नव्हती, एवढे तरी लक्षात यावे.

कार्नेटच्या पानावर काय लिहिलेले असते? नोंदणी क्रमांक, निर्मितीचे वर्ष, वजन, किंमत, चासीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, सिलिंडर किती, अश्वशक्ती किती, रंग कोणता, बसण्याच्या जागा किती, रेडिओ आहे का, जादा टायर किती, आणि आसनांचे आच्छादन कशाचे आहे. नमुना मोटारगाडीसाठी आखलेला असल्याने मोटरसायकलस्वारालाही आपल्या दीड हात सीटच्या रेक्झिनचे वर्णन द्यावे लागते. हे वर्णन क्रमाने वाचले की जाणवते, की या दस्तऐवजात नायक मोटरसायकल आहे. माणूस आहे तो 'धारक'. नाव, पत्ता आणि सही यांपुरता. प्रवासवर्णनात याच्या नेमके उलट असते. तिथे 'मी' सर्वत्र असतो आणि गाडीला लाडाचे एखादे नाव देऊन झाले की तिचे काम संपते. राज्यसंस्थेला तुमच्या अनुभवाशी कर्तव्य नाही. तिला संशय आहे तो यंत्राचा, आणि तो संशय अंकात, अक्षरात, रंगात नोंदवून ठेवण्याइतका बारीक आहे.

मोटरसायकलीवरची जी पुस्तके जगभर वाचली गेली त्यांच्याकडे या दृष्टीने पाहावे. रॉबर्ट पिरसिगचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (१९७४) आपल्याकडेही विद्यार्थिप्रिय आहे. त्यातला बापलेकांचा प्रवास मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंत, म्हणजे सबंध एकाच देशात. एकही आंतरराष्ट्रीय सीमा नाही. यंत्राच्या देखभालीवर इतके गहन चिंतन करणाऱ्या पुस्तकाला यंत्राच्या परकेपणाचा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. १९५२ सालच्या अर्नेस्तो गेव्हारा आणि अल्बर्तो ग्रानादो यांच्या प्रवासाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. ग्रानादोची ती पाचशे सीसीची नॉर्टन, 'ला पोदेरोसा' म्हणजे 'सामर्थ्यशालिनी', अर्जेंटिनातून निघाली आणि चिलीत पार मोडून पडली. तिथून पुढचा निम्म्याहून अधिक खंड दोघांनी मिळेल त्या वाहनाने पार केला. मोटरसायकल सांतियागोत मागे राहिली. २००४च्या चित्रपटाने हा प्रसंग प्रेक्षकांच्या मनात कोरला, आणि त्याचा अर्थ सर्वांनी असा लावला की यंत्र सुटले आणि माणसे दिसू लागली. अर्थ सुंदरच आहे. पण कार्नेटच्या भाषेत त्याच घटनेला काय म्हणतील? परदेशी नोंदणीचे वाहन परत न जाता देशात राहिले. ज्या घटनेला आपण जाणिवेचा आरंभ समजतो, ती कार्नेटच्या दृष्टीने हमीदाराकडे बिल पाठवण्याची घटना आहे. दोन्ही वाचने एकाच मोटरसायकलीची आहेत, आणि दुसरे वाचन अगदीच अडाणी आहे असे मला वाटत नाही.

टेड सायमनचा मान वेगळा. १९७३च्या ऑक्टोबरात तो लंडनहून ट्रायम्फवर निघाला आणि चार वर्षे फिरून, भारतातूनही जाऊन, परतला. 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' (१९७९) या त्याच्या पुस्तकात कचेऱ्या, कोठड्या आणि वाट पाहणे यांना जागा आहे. ब्राझीलमध्ये पोलिसांनी अडकवून ठेवल्याचा भाग तर पुस्तकाचा कणा आहे. पुढच्या हजारो स्वारांनी त्याच्याकडून रस्ता घेतला, वाट पाहणे घेतले नाही.

आता पैशाकडे येतो; या लेखाचे खरे कारण तेच आहे. कार्नेट मिळवण्यासाठी फी भरावी लागते, ती किरकोळ. खरी अट तारणाची. गाडीच्या किमतीइतकी, काही देशांसाठी तिच्या कित्येक पट रक्कम बँक हमीच्या किंवा ठेवीच्या रूपाने अडकवून ठेवावी लागते. किती पट हे तुम्ही कोणत्या देशांत जाणार त्यावर ठरते. जिथे आयातशुल्क जबर, तिथे हमीही जबर. परदेशी स्वारासाठी आपला भारत याच जबर देशांपैकी एक गणला जातो. त्याचे कारणही उघड आहे: २०२५च्या अर्थसंकल्पात कपात होईपर्यंत संपूर्ण बांधणीच्या आयात मोटरसायकलींवर मूळ शुल्कच पन्नास टक्के होते, आणि कपातीनंतरही सोळाशे सीसीखालच्या गाड्यांना ते चाळीस टक्के राहिले. तेव्हा तक्रार करताना बोट दुसऱ्याच्या सरकारकडेच दाखवता येईल असे नाही.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी असा प्रवास केला. एम.ए.ला माझ्याकडे प्रवासवर्णन हाच विशेष अभ्यास त्याने घेतला होता. मुंबईहून मोटरसायकल लाकडी खोक्यात घालून, टाकीतले पेट्रोल काढून, बॅटरीच्या तारा सोडवून जहाजाने पाठवली आणि पुढे रस्त्याने तो युरोपपर्यंत गेला. परतल्यावर हस्तलिखित घेऊन माझ्याकडे आला. तीनशे पानांपैकी चाळीस पाने कार्नेटवर होती. "सर, एवढा भाग वाचून सांगा, ठेवू की काढू?" असे त्याने विचारले. मी वाचले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून सांगितले की बाकीचे काढलेस तरी चालेल.

त्या चाळीस पानांतली हकिकत थोडक्यात अशी. तारणासाठी आईने निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांची मुदत ठेव बँकेकडे गहाण ठेवली. आई प्राथमिक शिक्षिका. ठेवीवर बोजा चढवण्याच्या अर्जावर तिने वर्गाच्या हजेरीपटावर करावी तशी ठसठशीत सही केली. एका देशातून बाहेर पडताना (देशाचे नाव त्याने हस्तलिखितातही गाळले आहे, कारण त्या अधिकाऱ्याने त्याला स्वतःच्या डब्यातले जेवू घातले होते) रात्री उशिरा मधला भाग फाडून घेण्यात आला, पण स्थळप्रतीवर शिक्का मारायचा राहिला. पूल ओलांडून पलीकडच्या देशात आल्यावर त्याच्या ते लक्षात आले. व्हिसा एकदाच प्रवेशाचा होता. मागे जाता येईना. नदीच्या अल्याड तो आणि मोटरसायकल, पल्याड शिक्का. मधे फार तर तीनशे मीटर. तेथून पुढे सबंध युरोप त्याने पाहिला, आणि त्याच्याच शब्दांचा आशय सांगायचा तर, कोणत्याही चर्चच्या कमानीखाली उभे राहिल्यावर त्याला आईची सही दिसे.

मोटरसायकल घरी आली. नाशिकच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, ताडपत्री घालून उभी राहिली. कागदावर मात्र ती अजून त्या देशातच होती. अशा वेळेसाठी करारात एक तरतूद आहे: वाहन अमुक ठिकाणी प्रत्यक्ष पाहिले, असा दाखला. तो त्या देशाच्या वकिलातीने द्यावा, किंवा गाडी जिथे आहे तिथल्या सीमाशुल्क खात्याने, पोलिसांनी अथवा अन्य अधिकृत व्यक्तीने. अधिकाऱ्याने गाडीजवळ उभे राहून चासीचा क्रमांक वाचायचा आणि लिहून द्यायचे की होय, ही ती, आणि ही इथे आहे. यातला तर्क मला विलक्षण वाटतो. जी गोष्ट आईला, शेजाऱ्यांना, पेरूच्या झाडालाही दिसते आहे, ती 'आहे' असे ठरायला एक सही लागते; आणि ती सही होईपर्यंत अनुपस्थितीच्या बाजूने पुरावा आहे, उपस्थितीच्या बाजूने नाही. वहीची मुदत संपल्यावरही वर्षभर मागणीचे पत्र येऊ शकते. ते वर्ष त्या घराने कसे काढले हा या चाळीस पानांचा विषय आहे. बहिणीच्या लग्नाची बोलणी पुढे ढकलली गेली. पोस्टमन रोजच्यापेक्षा उशिरा आला की आई ओसरीवर येऊन बसे. शेवटी दाखला मान्य झाला, ठेवीवरचा बोजा उतरला. कार्नेटच्या बाबतीत याला 'डिस्चार्ज' म्हणतात, रुग्णालयातून घरी सोडताना म्हणतात तोच शब्द.

प्रकाशकाने नेमकी ही चाळीस पाने काढायला सांगितली. वाचक 'प्रेरणेसाठी' वाचतो, असे त्यांचे म्हणणे. कागदपत्रांची माहिती हवी तर शेवटी परिशिष्टात एक चौकट द्यावी: काय काय लागते, कोठे मिळते. माझा आक्षेप या चौकटीला आहे. चौकटीत माहिती राहते, आई राहत नाही.

यावर एक गंभीर प्रतिवाद संभवतो, तो टाळणे योग्य नव्हे. प्रवासवर्णन म्हणजे मार्गदर्शिका नव्हे. ललित गद्याने अनुभवाचे सार घ्यावे, टरफले टाकावीत. कचेरीतल्या रांगा सर्वांच्या सारख्याच असतात, त्यात वैयक्तिक असे काय? आपल्याकडे हा विचार बराच रुजला आहे. प्रवासवर्णन ललित होण्याच्या धडपडीत कवितेकडे झुकले, आणि जमाखर्च हा त्याला कमीपणाचा वाटू लागला. पण या प्रकाराचा आपला आरंभ आठवावा. वरसईच्या विष्णुभट गोडश्यांनी १८५७ साली घर सोडले ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. कर्जात रुतलेल्या भिक्षुकाच्या घराला उत्तरेकडे होणाऱ्या यज्ञातल्या दक्षिणेची आशा होती. 'माझा प्रवास' या पुस्तकात किती मिळाले, कोठे लपवले, कोणी लुटले, हे सतत येत राहते. झाशीच्या वेढ्याइतकेच ते आपल्या लक्षात राहते. पैसा आणि वाट यांची ही गाठ सुटी केली तर ते पुस्तक उरणार नाही. त्या हस्तलिखितालाही संपादकाच्या कात्रीतून जावे लागले होते: १९०७ साली भारताचार्य वैद्यांनी ते प्रसिद्ध केले तेव्हा त्यात बराच फेरफार केला, आणि मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली प्रत दत्तो वामन पोतदारांनी आणली ती थेट १९६६ साली. दरम्यानच्या जवळपास साठ वर्षांत मराठी वाचकाने वाचले ते गोडशांचे पुरते नव्हते.

रांगा सर्वांच्या सारख्या असतात हेही खरे नाही. पोर्तुगालमध्ये नोंदलेली मोटरसायकल लिस्बनहून निघून एस्टोनियापर्यंत जाते, आणि वाटेत तिला कोणी आयात मानत नाही. नाशिकची मोटरसायकल परत आपल्याच देशात येते तेव्हादेखील, आपल्या १९६२च्या सीमाशुल्क अधिनियमातल्या विसाव्या कलमानुसार, ती प्रथमतः आयातच असते; कागद दाखवल्यावर सूट मिळते. नेपाळला जाणाऱ्या आपल्या स्वारांना कार्नेट लागत नाही. सोनौली किंवा रक्सौलपाशी दिवसाच्या हिशोबाने 'भन्सार' भरले की झाले. वर्षातून साधारण महिनाभर तिथे राहता येते. त्याच नाक्यावर जर्मन नोंदणीची मोटरसायकल मात्र वही काढते. पश्चिमेकडून खुष्कीने येणाऱ्यांचा जुना मार्ग वाघा-अटारीचा. तिथली आपली तपासणी चौकी २०२५च्या एप्रिलमध्ये बंद करण्यात आली, आणि बंद दारापुढे पंचवीस पानांची वहीही निरुपयोगी असते. पूर्वेकडे मोरेहून म्यानमारमध्ये जाण्याचा रस्ता २०१८ साली पासपोर्टधारकांसाठी रीतसर खुला झाला. तिथल्या २०२१च्या लष्करी उठावानंतर त्या वाटेने युरोप-ऑस्ट्रेलियाची स्वप्ने पाहणाऱ्यांना पुन्हा जहाजाचे दर विचारावे लागले. कोणता स्वार किती 'मुक्त' हे त्याच्या धैर्यावर फारच थोडे अवलंबून असते. गाडी कोठे नोंदली आहे आणि घरात गहाण ठेवण्याजोगे काय आहे, यावर अधिक.

मग कार्नेट वाईटच का? तसे मी म्हणणार नाही. ते नसते तर प्रत्येक सीमेवर संपूर्ण शुल्क रोख भरून, बाहेर पडताना परत मागावे लागले असते. त्यापेक्षा एक वही बरी. ज्या काळात ही पद्धत रुजली त्या काळात दोन देशांच्या नाक्यांना एकमेकांशी बोलण्याचे दुसरे साधन नव्हते. आज आहे. लॅटिन अमेरिकेतले कित्येक देश सीमेवर तात्पुरत्या आयातीचा एक कागद छापून देतात. गाडीची नोंद संगणकात होते, बाहेर पडताना ती मिटवली जाते, तारण नाही. मेक्सिको ठेव घेतो, पण ती गाडीच्या वयानुसार ठरलेली, चारशे डॉलरांच्या आत, किमतीच्या पटीत नव्हे. म्हणजे संशय ठेवूनही त्याची किंमत माणसाच्या आवाक्यात ठेवता येते. ज्या देशांना हे जमत नाही त्यांत आपणही आहोत, हे म्हणायला प्रवासलेखकाइतका अधिकारी दुसरा कोण? पण त्याने नाक्यावरची पाने आधीच काढून टाकलेली असतात.

२०२५ मध्ये मुंबईहून रस्त्याने इंग्लंडपर्यंत पोहोचलेल्या एका स्वाराची मोटरसायकल तिथे चोरीला गेली. बातमी इथे आणि तिथे दोन्हीकडे गाजली, लोकांनी हळहळ व्यक्त केली, मदतही केली. गाडी गेली, स्वप्न अपुरे राहिले, असे मथळे होते. चोरीला गेलेल्या गाडीची हमी कोणाच्या घरावर असते हा प्रश्न मला त्या बातम्यांत कोठे दिसला नाही. बातमीदारांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही अध्यापकांनीच त्यांना प्रवासाचे जे साहित्य शिकवले त्यात हा प्रश्न नव्हता.

यंदा प्रवासवर्णनाच्या तासाला मी विद्यार्थ्याच्या कार्नेटमधल्या त्या एकशिक्की पानाची छायाप्रत वर्गात वाटली, त्याच्या संमतीने. आधी मुले हसली. आसनाच्या आच्छादनाच्या रकान्यात 'काळे रेक्झिन' असे लिहिलेले होते. मग एका मुलीने विचारले की धारकाच्या खाली आईचे नाव का नाही, पैसे तर तिचे होते. मी सांगितले की तारण देणाऱ्याचा रकाना या पानावर नसतो, तो बँकेच्या कागदात असतो. "म्हणजे ते पुस्तकात यायला पाहिजे ना, सर?" ती म्हणाली. तास संपला होता. हस्तलिखित सध्या दुसऱ्या एका प्रकाशकाकडे वाचायला दिले आहे, चाळीस पानांसह. छायाप्रतही सोबत जोडली आहे.